छापील वर्तमानपत्र जात आहे. आपली नोंद कुठे राहणार?

छापील वर्तमानपत्रांचे दिवस भरत आले आहेत, असे गेली काही वर्षे आपण सतत ऐकत आहोत. पाने कमी झाली, पुरवण्या बंद पडल्या, जिल्हा आवृत्त्या एकमेकींत विलीन झाल्या, तालुक्याच्या वार्ताहरांना घरी बसवले गेले. या विषयावर मराठीत जे लिहिले जाते त्याचा सूर बहुधा हळहळीचा असतो. सकाळचा चहा, हातातला पेपर, शाईचा वास, रविवारची पुरवणी. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पेपर येत होता, त्यांची ही हळहळ आहे आणि ती खरीही असेल. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पेपर विकत येत नव्हता. तो न्हाव्याच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर किंवा वसतिगृहाच्या वाचनालयात भेटायचा. नाहीतर किराणा दुकानातून शेंगदाण्याची पुडी होऊन घरात यायचा. म्हणून छापील वर्तमानपत्राच्या ऱ्हासाकडे दुसऱ्याच्या दिवाणखान्यातून न पाहता आपण आपल्या जागेवरून पाहायला हवे.

तिथून पाहिले की तीन प्रश्न पडतात. जे बुडते आहे ते आपले होते का? त्याच्याबरोबर आपले काही बुडते आहे का? आणि जे नवे आले आहे ते आपले होणार आहे का?

आपल्या साक्षरतेवर वाढलेला धंदा

एक गोष्ट आधी लक्षात घेऊ. अमेरिका आणि युरोपात छापील वर्तमानपत्रे इंटरनेटमुळे कोसळत होती, त्याच काळात भारतात ती वाढत होती. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सच्या आकडेवारीनुसार २००६ मध्ये देशात रोज सरासरी ३ कोटी ९१ लाख प्रती खपत होत्या. २०१६ मध्ये हा आकडा ६ कोटी २८ लाखांवर गेला होता. म्हणजे दहा वर्षांत दीडपटीहून जास्त वाढ. ही वाढ मुख्यतः भारतीय भाषांमधली होती.

हे नवे वाचक कोण होते? दक्षिण मुंबईत किंवा डेक्कनवर राहणाऱ्या कुटुंबांनी एकाऐवजी दोन पेपर घ्यायला सुरुवात केली म्हणून ही वाढ झाली नाही. जिल्ह्याची ठिकाणे, तालुके, बाजारपेठेची गावे इथे नव्याने शाळा शिकलेली पिढी वाचक झाली. त्यात आपले आईवडील होते, मोठा भाऊ होता, सातवी शिकलेली आत्या होती. भाषिक वर्तमानपत्रांचे साम्राज्य पहिल्या पिढीच्या साक्षरांवर उभे राहिले. आपल्या वडिलांनी खर्च केलेल्या रुपयावर आणि त्यांच्या डोळ्यांवर जाहिरातींचे दर ठरले.

आता याच काळात पेपर काढणारे कोण होते तेही पाहू. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकाराने दिल्लीत एक साधा शोध घेतला. एका परदेशी वार्ताहराला एखाद्या दलित पत्रकाराचे मत हवे होते. उनियाल यांनी चौकशी केली आणि राजधानीत त्यांना एकही दलित पत्रकार सापडला नाही. २००६ मध्ये दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी माध्यम संस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठ पदांचे सर्वेक्षण झाले. त्यात एकही दलित किंवा आदिवासी नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी वर्तमानपत्रे, वाहिन्या, मासिके आणि संकेतस्थळे मिळून १२१ नेतृत्वपदे तपासली. त्यातली १०६ सवर्णांकडे होती. अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हते. १९९६ ते २०१९ या तेवीस वर्षांत वाचक बदलला, तंत्रज्ञान बदलले, मालकांची संपत्ती बदलली. खुर्चीवर बसणारा बदलला नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. जे बुडते आहे त्याचे आपण गिऱ्हाईक होतो, भागीदार नव्हतो. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला, हे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवले आहे. तो प्रसंग १९२० चा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचे हत्याकांड झाले, तेव्हा सुरुवातीच्या अनेक बातम्यांत ते 'अनैतिक संबंधां'तून घडल्याचे सांगितले गेले. राज्यभर लोक रस्त्यावर उतरल्यानंतर, म्हणजे जवळजवळ महिन्याभराने, त्या घटनेला जातीय अत्याचार म्हणून मोठी जागा मिळाली. नकार देण्याची पद्धत बदलली होती. नकार कायम होता.

मग हा ऱ्हास नेमका कशाचा?

भारतात वर्तमानपत्राची किंमत कधीच त्याच्या खर्चाइतकी नव्हती. चार-पाच रुपयांना मिळणाऱ्या अंकाचा कागद, छपाई आणि वाहतूक यांचा खर्च त्याहून कितीतरी जास्त असतो. तूट भरून निघायची जाहिरातीतून. वाचक वर्तमानपत्र विकत घेतो असे आपल्याला वाटते, पण धंद्याच्या हिशेबात वर्तमानपत्र वाचकाला विकत असते, जाहिरातदाराला. हाच जाहिरातदार नंतर गूगल आणि फेसबुककडे गेला. वय, गाव, आवडनिवड पाहून नेमक्या माणसाला जाहिरात दाखवता येत असेल तर तो अख्खे पान कशाला विकत घेईल?

बाकीच्या घटना एकामागोमाग घडल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात केलेल्या वृत्तपत्र-कागदावर दहा टक्के सीमाशुल्क लागले. पुढच्या वर्षी ते पाच टक्क्यांवर आणले गेले, पण तोवर २०२० ची टाळेबंदी आली. मार्चमध्ये मुंबईत काही दिवस पेपर वाटलेच गेले नाहीत आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकण्यावर बंदी घातली. बंदी पुढे उठली, पण सुटलेली सवय अनेक घरांत परत आली नाही. इंग्रजी दैनिकांच्या काही आवृत्त्या आधीच आटोपल्या होत्या. मुंबई आणि अहमदाबादची 'डीएनए'ची छापील आवृत्ती २०१९ मध्येच बंद झाली होती.

या पडझडीत मोठे समूह तग धरून आहेत. त्यांच्याकडे वाहिन्या आहेत, जमिनी आहेत, शिक्षणसंस्था आहेत, सरकारी जाहिराती आहेत. सगळ्यात आधी मोडतो तो छोटा पेपर आणि छोटा माणूस. तालुक्याच्या वार्ताहराला पगार असा नव्हताच. स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची आणि त्यातले कमिशन घ्यायचे, ही त्याची कमाई. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत 'पेड न्यूज' उघडकीला आल्या तेव्हा आपण सगळ्यांनी पत्रकारितेच्या नैतिकतेवर चर्चा केली. पण ज्याला बातमीचे पैसे मिळत नाहीत आणि जाहिरातीचे मिळतात, त्याच्या हातून बातमी आणि जाहिरात यांतली रेघ पुसली जाणे हे त्या रचनेतच होते. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावरील व्याख्यानात हेच सांगितले होते: भारतातली पत्रकारिता एके काळी व्यवसाय होती, ती आता व्यापार झाली आहे. इंटरनेट तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. तेव्हा इंटरनेटने वर्तमानपत्र बिघडवले असे म्हणण्यात अर्थ नाही. जे आधीच व्यापारी होते त्यांचा व्यापार इंटरनेटने काढून घेतला.

आंबेडकरी दैनिकांचे गणित पहिल्यापासूनच वेगळे होते. 'वृत्तरत्न सम्राट', 'महानायक' यांसारखी दैनिके मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींवर कधीच उभी नव्हती. जाहिरातदाराला वाचकाच्या खिशात रस असतो आणि आमच्या वाचकाच्या खिशाला त्याने कधी भाव दिला नाही. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन अशा दिवसांच्या शुभेच्छा आणि अभिवादनाच्या जाहिराती, कर्मचारी संघटनांचा हातभार आणि रोज अंक विकत घेणारा वस्तीतला माणूस, एवढ्यावर ती चालली. मुख्य प्रवाहातली दैनिकेही १४ एप्रिलला पुरवणी काढतात. उरलेल्या ३६४ दिवसांचे काय, याचे उत्तर शोधण्यासाठीच आपली दैनिके निघाली होती.

अल्पायुषी पत्रे, दीर्घायुषी नोंद

आता दुसरा प्रश्न. प्रस्थापितांच्या छापखान्याबरोबर आपले काही बुडते आहे का? होय, आणि ते काय हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सत्यशोधक परंपरेतले 'दीनबंधु' कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले, पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवले. तामिळनाडूत पंडित अयोथी दास यांनी १९०७ मध्ये 'ओरु पैसा तमिळन' काढले. 'एका पैशाचा तमिळ माणूस' असे त्या नावातच किमतीसकट सांगितले होते. शिवराम जानबा कांबळे यांचे 'सोमवंशीय मित्र' १९०८ चे. मुकुंदराव पाटलांचे 'दीनमित्र' १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून निघत होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. बाबासाहेब त्याच वर्षी लंडनला शिक्षणासाठी गेले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर पंधरा दिवसांतच, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत होते. नोव्हेंबर १९२९ मध्ये तोही थांबला. मग १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. अगदी अलीकडे यायचे तर १९८१ मध्ये बंगळूरहून सुरू झालेले 'दलित व्हॉइस' २०११ मध्ये बंद झाले. २००९ मध्ये हिंदी-इंग्रजीत सुरू झालेल्या 'फॉरवर्ड प्रेस'ने जून २०१६ मध्ये छापील अंक थांबवला आणि ते पूर्णपणे इंटरनेटवर गेले.

या यादीतून एक गोष्ट उघड होते. आपल्या पत्रांना मरायला इंटरनेट लागले नाही. वर्गणी थकली, कागदाचे पैसे थकले, चालवणारा एकटा पडला, की पत्र बंद पडायचे. छापील युग हे आपल्यासाठी सुवर्णयुग होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

पण याच यादीतून दुसरीही गोष्ट दिसते. 'मूकनायक' तीन वर्षे जगला आणि आज शंभर वर्षांनंतरही आपण तो वाचतो आहोत. कारण तो कागदावर होता, त्यावर तारीख होती, प्रती वेगवेगळ्या घरांत गेल्या होत्या आणि कुणीतरी त्या ट्रंकेत जपल्या होत्या. वसंत मून यांच्यासारख्या माणसांनी त्या दारोदार शोधल्या. महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, ते या जपणुकीमुळे. पत्र मेले तरी प्रत जिवंत राहिली.

कागदाची नोंद कायद्यानेही धरली होती. १९५४ चा पुस्तके आणि वृत्तपत्रे (सार्वजनिक ग्रंथालये) सुपूर्द करण्याचा कायदा प्रकाशकांवर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवण्याचे बंधन घालतो. अंमलबजावणी कितीही ढिली असली, तरी अधिकार लिहिलेला आहे. हा कायदा पुस्तके आणि वृत्तपत्रांचा आहे, संकेतस्थळांचा नाही. आज एखाद्या अत्याचाराची सविस्तर बातमी फक्त एका छोट्या पोर्टलवर आली आणि दोन वर्षांनी त्या पोर्टलने डोमेनचे पैसे भरले नाहीत, तर ती बातमी नाहीशी होते. तिची एक प्रत कुणाच्या तरी ट्रंकेत असण्याची शक्यताच उरत नाही. यूट्यूबवरचा व्हिडिओ एका तक्रारीने उतरवला जातो. फेसबुकवरची पोस्ट चालवणाऱ्याचे खाते बंद झाले की तीही गेली. शिवाय छापलेला मजकूर रात्रीतून बदलता येत नाही. संकेतस्थळावरचा मथळा सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा असू शकतो, आणि तो बदलला याची खूणही राहत नाही.

कागद जपणेही सोपे नाही, हे आपण पाहिले आहे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, तेव्हा त्याबरोबर बुद्धभूषण छापखानाही गेला. आपल्या पत्रांच्या इतिहासाशी जोडलेली वास्तू आणि यंत्रे ढिगाऱ्याखाली गेली. ज्या समाजाकडे स्वतःचे अभिलेखागार नाही, त्याचा इतिहास असा एका रात्रीत जेसीबीखाली जाऊ शकतो. मग तो कागदाचा असो की सर्व्हरवरचा.

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून जुन्या अंकांच्या मागे फिरताना मला हे रोज जाणवते. मोठ्या दैनिकांच्या फायली बांधलेल्या, अनुक्रमणिकेसह मिळतात. आपल्या पाक्षिकाचा एखादा अंक मिळवण्यासाठी निवृत्त शिक्षकांच्या, मिल कामगारांच्या, रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घरी जावे लागते. ती माणसे आता थकली आहेत. घर बदलताना, नातवाच्या लग्नासाठी रंगरंगोटी करताना हे गठ्ठे रद्दीत जातात. किलोला मिळणाऱ्या त्या दहा-पंधरा रुपयांत आपण काय विकतो याची जाणीव घरातल्या पदवीधराला तरी असायला हवी.

नोटीस कोण वाचणार?

छापील पेपराची आणखी एक भूमिका आहे, जिच्याबद्दल हळहळीच्या लेखांत कधीच काही नसते. ती आतल्या पानावरच्या बारीक अक्षरांत असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ नुसार संपादनाची प्राथमिक अधिसूचना राजपत्राबरोबरच त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते आणि त्यातले एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. जमिनीच्या खरेदीआधीची वकिलांची जाहीर नोटीस, वारसनोंदीची हरकत, निविदा, भरतीच्या जाहिराती, आरक्षित पदांचा अनुशेष हे सगळे तिथेच येते. हरकत घेण्याची मुदत त्या छापील तारखेपासून मोजली जाते.

आता परिस्थिती अशी झाली आहे की कायदा अजून कागद वाचतो आणि गाव मोबाइल पाहते. ज्या पेपरात नोटीस येते तो गावात येत नाही आणि जे गावात पाहिले जाते त्यात नोटीस येत नाही. नोटीस दिली गेली, असे सरकार कायद्याने म्हणू शकते. ज्याची दोन एकर जमीन जाते आहे त्याला ते मुदत संपल्यावर कळते. ज्यांच्याकडे वकील आहे, तलाठ्याशी ओळख आहे, त्यांचे यात काही अडत नाही. ज्याच्याकडे गायरानाची किंवा वतनाची तुटपुंजी जमीन आहे आणि कागद अर्धवट आहेत, त्याचे सगळे अडते. छापील पेपराच्या ऱ्हासाची सर्वात मोठी किंमत बहुधा हा माणूस मोजणार आहे, आणि त्याच्यासाठी कुठेही हळहळ व्यक्त होत नाही.

इंटरनेटने काय दिले

तिसऱ्या प्रश्नाकडे येताना प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की इंटरनेटने आपल्याला जे दिले ते छापील युगाने कधीच दिले नव्हते. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुलाचा मृत्यू झाला आणि त्याचे पत्र कुठल्याही संपादकाच्या परवानगीशिवाय देशभर वाचले गेले. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायदा सौम्य करणारा निकाल दिला. २ एप्रिलला भारत बंद झाला, तो प्रामुख्याने मोबाइलवरून फिरलेल्या हाकेवर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडात २००२ मध्ये ग्रामीण, त्यातही दलित, स्त्रियांनी सुरू केलेले 'खबर लहरिया' छापील साप्ताहिकातून मोबाइल व्हिडिओकडे वळले आणि पेपर वाचू न शकणाऱ्या घरांपर्यंत पोहोचले. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपली आई, आजी छापील अक्षरांपासून दूर ठेवली गेली होती. आवाज आणि चित्र तिला थेट कळते. तिला बातमीसाठी आता कुणा वाचणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. याला अधःपतन म्हणणारे पांडित्य आपल्या कामाचे नाही.

पण हे माध्यम आपले झाले का? जुलै २०१६ मध्ये उना इथे दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. त्याचे व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढले आणि पसरवले. त्यांच्यासाठी ते शौर्याचे प्रदर्शन होते. आपण ते पुरावा म्हणून वापरले, पण कॅमेरा त्यांच्या हातात होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका ज्येष्ठ बहुजन पत्रकाराचे ट्विटर खाते स्थगित झाले, तेव्हा निळ्या खुणेच्या वाटपातल्या जातीवर देशभर प्रश्न उठले. 'केसरी'च्या कार्यालयात निदान नकार कुणी दिला हे माहीत होते. आज नकार कोण देते हे कळतही नाही. पोस्ट अमुक इतक्या लोकांनाच का दिसली, व्हिडिओचे उत्पन्न का थांबले, याचे उत्तर द्यायला कुणी संपादक समोर नसतो.

शिवाय प्रवेश फुकट असला तरी टिकणे फुकट नाही. आपले अनेक पोर्टल आणि चॅनेल नोकरी सांभाळून, रात्री जागून चालवले जातात. लिहिणाऱ्याला मानधन नाही, खटला झाला तर वकील नाही. म्हणजे 'बहिष्कृत भारत'ची अडचण जशीच्या तशी आहे. फक्त कागदाच्या बिलाच्या जागी सर्व्हरचे बिल आले आहे.

आपण काय करायचे

आपल्यापैकी कितीतरी जण स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत रोज पेपर वाचतात. निबंधासाठी, मुलाखतीसाठी, चालू घडामोडींसाठी. अग्रलेखातली भाषा पाठ करता करता त्या अग्रलेखाची नजरही आपली होऊन जाते. आरक्षणाची चर्चा 'गुणवत्ता विरुद्ध सामाजिक न्याय' अशीच मांडायची असते, हे आपण तिथेच शिकतो. ही नजर तटस्थ नाही, ती १२१ पैकी १०६ जणांची आहे. पेपर जरूर वाचा, पण कोण लिहितो आहे हे विचारत वाचा. स्क्रीनवर वाचतानाही हाच प्रश्न लागू आहे.

त्याखेरीज काही साधी कामे आहेत, जी कुठल्याही निधीची वाट न पाहता सुरू होऊ शकतात.

पहिले काम, घरातल्या आणि वस्तीतल्या जुन्या अंकांची नोंद. समाजमंदिराच्या कपाटात, एखाद्या काकांच्या पेटीत 'प्रबुद्ध भारत'चे, पँथरच्या काळातल्या अनियतकालिकांचे, स्थानिक साप्ताहिकांचे अंक असतील. मोबाइलवर प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढा. नाव, तारीख, अंक क्रमांक लिहा. प्रत एका ठिकाणी न ठेवता तीन ठिकाणी ठेवा. मूळ अंक रद्दीत जाऊ देऊ नका.

दुसरे काम उलट दिशेचे. आज जे इंटरनेटवर लिहिले जाते त्यातले निवडक दरवर्षी छापून काढायचे. आपल्या पोर्टलांनी आणि विद्यार्थी संघटनांनी वर्षाचा एक छापील खंड काढला, त्याच्या दोन-तीनशे प्रती ग्रंथालयांत, वसतिगृहांत, विहारांत ठेवल्या, तरी पुढच्या संशोधकाला ट्रंका शोधाव्या लागणार नाहीत. छापील पुस्तकाला आपल्याकडे वाचक नाही असे कुणी म्हणत असेल तर त्याने ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जावे. रात्रभर प्रवास करून आलेली माणसे जेवणाच्या पैशातून पुस्तके घेऊन परततात. छापील अक्षराचा बाजार पडला असेल, पण त्याची गरज तिथे डोळ्यांना दिसते.

तिसरे काम नोटिशीचे. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन पदवीधरांनी स्थानिक दैनिकांतल्या जाहीर नोटिसा आठवड्यातून दोनदा वाचाव्यात आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर सोप्या मराठीत, स्वतःच्या आवाजात सांगाव्यात: कुठला गट क्रमांक, कसली नोटीस, हरकतीची शेवटची तारीख कोणती. एकेकाळी वस्तीत एकजण पेपर वाचायचा आणि दहाजण ऐकायचे. ती पद्धत नव्या यंत्रावर चालवायची आहे. यात कागद आणि मोबाइल एकमेकांचे वैरी राहत नाहीत.

चौथे काम वर्गणीचे, आणि ते सर्वात अवघड आहे. फुकट वाचायची सवय आपल्यालाही लागली आहे. नोकरीला लागलेल्या पदवीधराने महिन्याच्या डेटा पॅकइतकी रक्कम एखाद्या आंबेडकरी पत्राला किंवा पोर्टलला नियमित द्यावी. मदत म्हणून नव्हे, वर्गणीदार म्हणून. वर्गणीदाराला हिशेब विचारता येतो आणि चूक दाखवता येते. 'बहिष्कृत भारत' चालवताना बाबासाहेबांनाही वाचकांपुढे पैशाची अडचण मांडावी लागली होती. त्या वाचकांच्या हातात पगार नव्हता. आपल्या हातात आहे.

छापील दैनिके राहतील की जातील हे बाजार ठरवेल आणि त्या बाजारात आपले मत कुणी विचारलेले नाही. आपल्याला ठरवायचे आहे ते एवढेच, की २०२० च्या दशकात आपल्या वस्त्यांत, विद्यापीठांत, शेतांत काय घडले हे २१२० मध्ये कुणाला वाचायचे असेल तर त्याच्या हाती काय लागेल. ज्यांनी आपल्याला छापले नाही त्यांच्या फायली तेव्हाही शाबूत असतील. आपल्या फायली आपण आत्ता बांधायला घेतल्या, तरच असतील.

जय भीम!